१९५९ च्या टाटा-मर्सिडीज एल ३१२ ट्रकसाठी मडगार्ड, शो (पुढची जाळी) आणि बोनेटचा पत्रा कोठे मिळेल?

निफाडचा_मळा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी १९५९ साली नोंदणी झालेला टाटा-मर्सिडीज-बेंझ एल ३१२ हा मालट्रक आहे. निफाड तालुक्यातून मुंबईला कांदा आणि पुढे द्राक्षे पोहोचवण्याचे काम या गाडीने अनेक वर्षे केले, आणि ते थांबल्यापासून ती मळ्यातल्या शेडमध्ये उभी आहे. ती शक्य तितक्या मूळ रूपात पुन्हा उभी करावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पाट्यांचे (स्प्रिंगांचे) काम नाशिकला आडगाव नाक्याजवळच्या एका जाणत्या मेस्त्रींनी हाती घेतले आहे. त्याची मला चिंता नाही, कारण त्या घराण्यातली इंजिने आपल्याकडे इतका काळ चालली की ती उघडणारे हात अजून सापडतात. अडचण पत्र्याची आहे.

डाव्या बाजूचे पुढचे मडगार्ड शाबूत आहे. त्याला पोचे आले आहेत, पण आकार टिकून आहे. उजवे मडगार्ड मात्र दिव्याच्या खोबणीपासून खाली फूटबोर्डापर्यंत सडले असून बोटाने दाबले तरी गंजाचे पापुद्रे सुटतात. बोनेटचा वरचा पत्रा चांगला आहे, उजव्या बाजूचा पत्रा नाही. पुढचा शो, त्यावरचा तारा आणि उजव्या दिव्याची कडी कोणीतरी केव्हाच काढून नेली. केबिनचे दोन्ही दरवाजे आतल्या लाकडासकट गेले आहेत.

एका मोठ्या शहरातल्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने फोटो पाहून ‘हाच शो’ असे ठामपणे सांगितले, आगाऊ पैसे घेतले, आणि पाठवला तो नंतरच्या काळातल्या दुसऱ्याच मॉडेलचा. तो काउललाही (बोनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भागाला) बसत नाही आणि मडगार्डच्या कडेलाही मिळत नाही. दुसरे एक गॅरेजवाले म्हणतात की डाव्या मडगार्डचा साचा काढून फायबरचे मडगार्ड करून घ्या, स्वस्तात होईल. मला ते पटत नाही. ज्या मडगार्डवर उभे राहून क्लीनर रेडिएटरमध्ये पाणी भरत असे, ते पत्र्याचेच असावे असे मला वाटते. तरीही जाणकारांचे मत ऐकायची तयारी आहे.

तेव्हा हे भाग जुने पण मूळ कोठे मिळू शकतील, न मिळाल्यास ते नाशिकमध्येच बनवून घेता येतील का, आणि दरवाजांसाठी कोणत्या गाडीचे भाग शोधावेत, याबद्दल मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनी_चाके_पुणे

नमस्कार. आपल्या शोधाचे आधी दोन भाग करावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. त्या काळात आपल्याकडे बहुतेक ट्रक कारखान्यातून पूर्ण बॉडीसह बाहेर पडत नसत. कारखाना चेसिस देई आणि त्यावर बोनेट, शो, पुढची मडगार्ड आणि काउल एवढाच पुढचा भाग बसवलेला असे. चालक तात्पुरत्या आसनावर उघड्यातच बसून ती चेसिस बॉडी बांधणाऱ्याकडे नेई, आणि मग तिथले सुतार व पत्रेवाले मिळून केबिन, टप, हौदा आणि फाळके उभे करीत. म्हणजे काउलच्या पुढे जे आहे ते कंपनीचे, आणि काउलच्या मागे जे आहे ते त्या गावच्या कारागिराचे.

याचा अर्थ असा की आपल्या गाडीचे दरवाजे कोणत्याही दुसऱ्या गाडीवर शोधू नयेत. ते कधी कंपनीचा सुटा भाग नव्हतेच. लाकडाची चौकट, तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा आणि सपाट काच असा तो ऐवज असतो, आणि तो चांगल्या सुताराकडून नव्याने करून घेतला तरी गाडीच्या मूळपणाला बाध येत नाही, कारण पहिल्या खेपेलाही तो असाच झाला होता. मात्र नवा दरवाजा करताना आपल्याच केबिनचा उरलेला एखादा खांब, चौकटीचा सांधा किंवा बिजागरी नमुना म्हणून हाताशी ठेवावी. केबिनमध्ये डॅशबोर्डाच्या बाजूला किंवा दरवाजाच्या वर बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची लहानशी पितळी पट्टी कित्येकदा रंगाच्या थरांखाली दडलेली असते. ती सापडली तर घासू नका, रंग हळूहळू उतरवा.

मूळ भाग हवेत ते फक्त पुढच्या नाकाचे, आणि इथे आपल्या गाडीचा इतिहास उपयोगी पडतो. टाटांची कंपनी टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूरला १९५४ साली ट्रक बनू लागले आणि ते सहकार्य १९६९ साली संपले, तोवर या गाड्यांवर तीन टोकांचा तारा असे. पण एल ३१२ ही गाडी केवळ भारतात बनली नाही. जर्मनीत तर ती बनतच होती, शिवाय ब्राझीलमध्ये मर्सिडीजचा कारखाना १९५६ साली सुरू झाला तो हाच ट्रक घेऊन. तिथले लोक त्याला ‘तोर्पेदो’ म्हणतात आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव आहे. अर्जेंटिनातही याच कुळातले ट्रक बनले. त्यामुळे इंटरनेटवर शोधताना केवळ इंग्रजीत शोधू नका. पोर्तुगीज, स्पॅनिश आणि जर्मन या भाषांत गाडीचे नाव आणि भागाचे नाव लिहून शोधा. जे भाग आपल्याकडे नामशेष वाटतात ते तिकडे अजून विक्रीला निघत असतात.

एक सूचना छायाचित्रांबद्दल. घरातले आणि भाऊबंदांकडचे जुने अल्बम धुंडाळा. आपल्याकडे ट्रकचे फोटो काढले जात ते दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेनंतर. त्यांत एक अडचण अशी की समोरून काढलेल्या फोटोत झेंडूचा हार नेमका शोवरच असतो. म्हणून बाजूने काढलेला, माणसे मडगार्डला टेकून उभी आहेत असा फोटो अधिक मोलाचा समजा, कारण त्यात शोची कड, दिव्याची जागा आणि बोनेटच्या बाजूची रेषा एकत्र दिसतात. पुण्याच्या टाटा सेंट्रल अर्काइव्ह्जलाही पत्र लिहून जुनी छायाचित्रे किंवा माहितीपत्रके पाहायला मिळतील का, हे विचारून पाहावे.

सातपूर_पत्राकाम

वरील उत्तराशी मी सहमत आहे, आणि मडगार्डबद्दल आपल्याला निश्चिंत करू इच्छितो. डावे मडगार्ड शाबूत आहे ही आपल्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट आहे, कारण उजवे हे त्याचे आरशातले प्रतिबिंब आहे. ते नाशिकमध्येच, पत्र्यातच बनेल. फायबर मुळीच करू नका. अवजड गाडीच्या पुढच्या भागाला जो हादरा सतत बसतो त्याने फायबर बोल्टच्या भोकांपाशी तडकते, आणि त्याची कड पत्र्यासारखी बारीक व गोल कधीच दिसत नाही.

डाव्या मडगार्डची बाहेरची कड हाताने चाचपून पाहा. ती भरीव गोल लागेल, कारण पत्रा आतल्या तारेवर गुंडाळलेला असतो. त्या तारेमुळेच एवढे मोठे मडगार्ड डगमगत नाही, आणि दुर्दैवाने तिथेच पाणी साचून गंजाची सुरुवात होते. पुष्कळ कारागीर नवे मडगार्ड करताना तार टाळून कड नुसती दुमडतात किंवा वरून सळई वेल्ड करतात. आपण ते मान्य करू नका. तारेच्या जाडीच्या अडीच पट पत्रा गुंडाळण्यासाठी जास्तीचा धरायचा असतो. म्हणजे तार ६ मिलिमीटरची असेल तर १५ मिलिमीटर. गुंडाळण्यापूर्वी तारेला आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला झिंकचा प्राइमर लावून घेतला तर पुढची पिढी आपले आभार मानील.

पत्रा निवडताना ‘सीआर पत्रा द्या’ एवढे सांगून भागत नाही. आयएस ५१३ या मानकात थंड लाटलेल्या पत्र्याच्या प्रती दिलेल्या असतात. त्यांतली बाजारात डीडी किंवा ईडीडी म्हणतात ती, म्हणजे खोल ओढकामाची, प्रत मागावी. साधी प्रत ठोकताना लवकर कडक होते आणि गोलाईच्या माथ्यावर चिरते. जाडी अंदाजाने ठरवू नका. डाव्या मडगार्डच्या गंज नसलेल्या जागी दोन्ही बाजूंचा रंग काढून मायक्रोमीटरने मोजा. अशा गाड्यांना बहुधा १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा जुळतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये; वेल्डिंग करताना त्याचा धूर घातक असतो आणि रंगही नीट धरत नाही.

आता आकाराबद्दल. डावे मडगार्ड आधी चेसिसवर घट्ट बसवूनच पोचे काढा. जमिनीवर ठेवून काढलेले पोचे गाडीवर चढवल्यावर पुन्हा वाकडे दिसतात. मग अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्रिमितीय स्कॅनिंग करून देणारे वर्कशॉप गाठून त्याचे स्कॅनिंग करून घ्या. संगणकावर तो आकार उलटा केला की उजव्या बाजूचा आकार मिळतो. त्याचे ठरावीक अंतरावरचे छेद जाड प्लायवूडमध्ये कापून एकमेकांत अडकवले की लाकडी फर्मा तयार होतो, आणि कारागीर पत्रा ठोकत ठोकत त्या फर्म्यावर लावून पाहत राहतो. स्कॅनिंग परवडत नसेल तर पुठ्ठ्याचे छेद काढूनही हेच काम होते, फक्त वेळ अधिक लागतो.

एकसंध पत्र्यातून मडगार्ड काढण्याचा हट्ट धरू नये. माथ्याची गोलाई, बाहेरची बाजू, काउलकडची पट्टी आणि दिव्याची वाटी असे तुकडे वेगळे घडवून जोडावेत, आणि जोड शक्यतो कमी वळणाच्या जागी आणावा. जोडासाठी सीओटू वेल्डिंगपेक्षा गॅस किंवा टिग बरे. सीओटूचा टाका कडक असतो आणि त्यावर हातोडी चालवली की बाजूचा पत्रा ताणला जातो, मग ती खाच पुट्टीने भरावी लागते. गॅसचा जोड मऊ राहतो, तो ठोकून सपाट करता येतो. चांगल्या मडगार्डवर पुट्टीचा थर नखाएवढाही नसावा.

हे काम करणारा माणूस कोठे शोधावा, तर केवळ गॅरेजांत शोधू नका. आपल्या नाशिकचा भांडी बाजार तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि सपाट पत्र्यातून हंड्याची गोलाई उभी करण्याची, मग मठारकाम करून, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके मारून, ती एकसारखी करण्याची विद्या तांबटांच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. पोलादी पत्रा तांब्यापेक्षा पुष्कळ कडक असतो, हातोडी आणि ऐरण बदलावी लागते, पण पत्रा कोठे ताणावा आणि कोठे आकसवावा ही जाण तीच असते. दिव्याच्या वाटीसारखा खोल भाग एखाद्या वयस्क तांबटाकडून आणि बाकीचे मडगार्ड चांगल्या डेंटरकडून, अशी कामाची विभागणी करून पाहा. मला हा मार्ग मनापासून योग्य वाटतो.

कागदपत्रे_आणि_नोंदणी

पत्र्याच्या चर्चेत एक गोष्ट सुटू नये म्हणून थोडक्यात लिहितो. व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले ते दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना लागू आहेत. मालवाहू ट्रक त्या वर्गात बसत नाही. त्यामुळे ५० वर्षांपेक्षा जुना असूनही आपल्या ट्रकला त्या नियमाखालचा ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळेल असे गृहीत धरू नका. गाडी रस्त्यावर आणायची की केवळ जतन करायची, हे आधी ठरवून आरटीओत लेखी विचारणा करावी. आणि दुसऱ्या ट्रकचे नाक विकत घेतलेत तर पावती घ्या. त्या काउलवरची क्रमांकपट्टी आपल्या गाडीवर राहू देऊ नका. चेसिसवर ठोकलेल्या आकड्यांची जागा वाळूच्या माऱ्यापासून किंवा ग्राइंडरपासून पूर्ण झाकून ठेवावी.

निफाडचा_मळा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरवाजांबद्दलच्या खुलाशाने माझा शोधच बदलला. आज केबिनच्या डाव्या खांबावरचा रंग थोडा उतरवला तेव्हा खाली सागाचे लाकूड अजून टणक लागले, आणि चौकटीचा एक सांधा पूर्ण मिळाला. मडगार्डची कड चाचपली, तार आहे.

दोन शंका उरतात. पहिली अशी की ब्राझीलमध्ये शो आणि बोनेटच्या बाजूचा पत्रा विक्रीला दिसला, तर तो मागवणे व्यवहार्य आहे का? दुसरी अशी की देशातल्या भंगार बाजारांत फिरण्यात अर्थ आहे का, की ते ट्रक केव्हाच वितळून गेले?

वखारीतली_क्रेन

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण माझा अनुभव त्यातलाच आहे. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी आणि चेन्नईत पुदुपेट या बाजारांची नावे आपण ऐकली असतीलच. तिथे जरूर चौकशी करा, पण फार आशा ठेवू नका. भंगारात गेलेला ट्रक वजनावर विकला जातो. इंजिन, ॲक्सल आणि गिअरबॉक्स यांना गिऱ्हाईक असते म्हणून ते बाजूला काढतात, आणि पातळ पत्रा सर्वांत आधी गठ्ठा होऊन भट्टीत जातो. म्हणून बाजारात एल ३१२ चे इंजिन मिळेल, शो मिळणार नाही.

ज्या ट्रकनी मधल्या काळात दुसरे काम धरले, त्यांचे पत्रे टिकले. लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणारी क्रेन, खाणीवरचा पाण्याचा टँकर, बोअर मारणाऱ्या यंत्राची गाडी, नगरपालिकेचा जुना अग्निशमन बंब, अशा रूपांत ही बोनेटवाली वाहने पुढे अनेक वर्षे उभी राहिली. बंबाकडे विशेष लक्ष द्या. तो छपराखाली असतो, फार चालत नाही आणि त्याची निगा राखलेली असते. नाशिक, धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या नगरपालिकांच्या भांडार विभागांत लिलावाच्या सूचना निघतात, त्या पाहत राहाव्यात. वखारीतल्या क्रेनचे मालक सहसा पूर्ण गाडी विकत नाहीत, कारण ती त्यांचे रोजचे काम करते. पण नाकाचा पत्रा त्यांच्या कामाचा नसतो. त्याच्या बदल्यात साधे नवे बोनेट करून देण्याची तयारी दाखवली तर मूळ शो मिळू शकतो. घाई न करता, दोन वेळा चहा घेऊन बोलण्याचा हा व्यवहार आहे.

आता ब्राझीलबद्दल. वापरलेल्या सुट्या वस्तू परदेशातून आणणे आपल्या आयात धोरणात निर्बंधित वर्गात मोडते आणि त्यासाठी परवानगी लागते. शिवाय मोठ्या आकाराच्या पत्र्याचे भाडे आणि वाटेत तो चेपण्याची जोखीम वेगळी. त्यामुळे जुना शो मागवण्यापूर्वी एखाद्या चांगल्या कस्टम एजंटचा सल्ला घ्या. नव्याने बनवलेले भाग, जसे रबरी पट्ट्या किंवा चिन्हे, यांना ती अडचण नसते. शोसाठी मी दुसरा मार्ग सुचवीन. तिकडच्या एखाद्या मालकाशी ओळख करून घ्या आणि त्यांना शोच्या कडेवर जाड कागद धरून पूर्ण आकाराची रेषा पेन्सिलीने काढून पाठवायला सांगा. पट्ट्यांची रुंदी, दोन पट्ट्यांमधले अंतर आणि बोल्टच्या भोकांची जागा मोजपट्टी ठेवून काढलेल्या फोटोंत आली की लेझरने कापणारा कारखाना अंबडमध्येच तो तयार करून देईल. मात्र बाजारातल्या फोटोवरचा आकार मोजून काहीही कापू नका. लेन्समुळे कडा वाकतात. आणि भारतीय गाडीवरची भोके तिकडच्या गाडीशी तंतोतंत जुळतील असेही धरू नका. बाहेरचा आकार त्यांच्याकडून घ्या, भोकांची जागा आपल्याच काउलवरून.

सुट्या लहान भागांच्या गंजासाठी एक उपाय. मळी किंवा काकवी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात भाग काही आठवडे बुडवून ठेवले तर गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. ॲल्युमिनियमचा तुकडा त्यात टाकू नये, तो खाल्ला जातो. मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते, म्हणून कारखान्यातून ती अशीच उचलून आणता येत नाही. काकवी गुऱ्हाळावर सहज मिळते. वास उग्र येतो, पिंप घरापासून लांब ठेवा.

सातपूर_पत्राकाम

वरच्या उत्तराला एक जोड देतो. कामाचा क्रम चुकवू नका. शोची रेषा हातात येईपर्यंत उजव्या मडगार्डची आतली कड अंतिम करू नये, कारण शो, मडगार्ड आणि बोनेटच्या बाजूचा पत्रा हे तिन्ही एकाच फटीने जोडलेले असतात. आधी रेडिएटरचा सांगाडा आणि काउल पक्के बोल्ट करून घ्या, बोनेटचा वरचा पत्रा त्यावर बसवा, डाव्या बाजूची फट वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा, आणि मग उजवे मडगार्ड फक्त क्लॅम्पवर धरून तीच फट मिळेपर्यंत हलवत राहा. भोके सर्वांत शेवटी पाडावीत. गाडीचे पाटे बसलेले असतील तर पुढच्या ॲक्सलखाली दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे आधार देऊन चेसिस लेव्हलमध्ये आणल्याशिवाय यातले एकही माप घेऊ नका.

निफाडचा_मळा

समजले. येत्या आठवड्यात आडगावच्या मेस्त्रींना सांगून चेसिस आधारावर घेतो आणि काउल बसवून डाव्या बाजूची मापे काढतो. निफाड, येवला, मनमाड या भागात वखारीत किंवा नगरपालिकेच्या आवारात गोल नाकाची टाटा-मर्सिडीज कोणाच्या पाहण्यात असेल तर कृपया येथे कळवावे. शो पूर्ण नसला, नुसती अर्धी चौकट असली तरी मापासाठी मी येऊन पाहीन.